फॉलिकची गोळी चालू, दुसरी बंद

प्रश्न : पत्र लिहिणाऱ्या ताई ३३ वर्षांच्या आहेत. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी प्राथमिक शाळेत शिकवतात, मुलगी सहा वर्षांची आहे. वर्षभरापूर्वी बोटांचे सांधे सुजू लागले. सकाळी दोन-दोन तास हात उघडत नसे, कणीक मळता येईना, खडू धरता येईना. शहरातल्या ऱ्हुमॅटॉलॉजिस्टनी (सांध्यांच्या आजारांच्या तज्ज्ञांनी) तपासण्या करून रुमॅटॉइड आर्थ्रायटिस या संधिवाताचं निदान केलं आणि आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट १५ मिलिग्रॅम, रोज हायड्रॉक्सीक्लोरोक्विन आणि फॉलिक अ‍ॅसिड सुरू केलं. सुरुवातीला थोडं स्टेरॉइड होतं, ते डॉक्टरांनीच कमी करत बंद केलं. चार महिन्यांत हात मोकळे झाले. मग एके दिवशी ताईंनी गोळ्यांसोबतचा कागद वाचला. ‘हे कॅन्सरचं औषध आहे आणि ते प्रतिकारशक्ती मारतं’ हे कळल्यावर त्या हादरल्या. सासूबाई रोज गुळवेलीचा काढा देतात, जाऊबाईंनी कुठूनशी एक पुडी आणून दिली आहे. गेले चार आठवडे ताईंनी मेथोट्रेक्सेट घेतलेलं नाही. हे त्यांच्या पतींना माहीत नाही आणि डॉक्टरांनाही नाही. त्या विचारतात : ‘अजून तरी काही दुखत नाही. म्हणजे आजार गेला असेल का? फॉलिकची पिवळी गोळी मात्र चालू ठेवली आहे, ती निरुपद्रवी असते ना? एवढं जहाल औषध या वयात घेणं बरोबर आहे का? पुढच्या वर्षी दुसऱ्या मुलाचाही विचार आहे.’

उत्तर :

ताई, तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही सगळ्यात शेवटी, जाता जाता लिहिलं आहे. त्याच्याकडे मी येणारच आहे. पण तुमची भीती आधी आली, तेव्हा सुरुवात तिच्यापासून करते.

मी डॉक्टर नाही, हे आधी सांगते. फार्मसी शिकले आणि एकवीस वर्षं औषधाचं दुकान चालवलं. तुम्ही वाचलात तो बारीक अक्षरांचा कागद हातात धरून काउंटरपाशी आलेली माणसं मी खूप पाहिली आहेत. चेहरा साधारण सारखाच असायचा, फसवणूक झाल्यासारखा. ‘मॅडम, हे कॅन्सरचं आहे हे डॉक्टरांनी सांगितलंच नाही!’

कागद खोटं बोलत नाही, पण तो मात्रेबद्दल नीट बोलत नाही. मेथोट्रेक्सेट कर्करोगात वापरतात, हे खरं. काही कर्करोगांत ते शिरेतून एका वेळी हजारो मिलिग्रॅम देतात. तुम्ही आठवड्याला १५ घेत होतात. सांध्यांच्या आजारात साधारण साडेसात ते पंचवीस मिलिग्रॅमच्या दरम्यान, तेही आठवड्यातून एकदाच, देतात. इतक्या थोड्या मात्रेत त्याचं मुख्य काम पेशी मारणं हे नसून दाह शमवणं हे असतं. नाव एक असलं तरी काम निराळं. अमेरिकेत संधिवातासाठी त्याला अधिकृत मान्यता मिळाली १९८८ मध्ये. आज जगभरात या आजारावर पहिलं औषध म्हणून बहुतेक ठिकाणी हेच देतात, आणि ते स्वस्त आहे. गोळीच्या किमतीपेक्षा शहरात जाण्यायेण्याचा खर्च जास्त होतो, हे तुम्हालाही माहीत असेल.

तुमच्या त्या ‘निरुपद्रवी’ पिवळ्या गोळीची गोष्ट मला सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९२८ च्या सुमारास लूसी विल्स नावाची एक इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. गिरणीत काम करणाऱ्या गरोदर बायकांमध्ये रक्तक्षयाचा एक विचित्र, जीवघेणा प्रकार दिसत होता, त्याचा शोध घ्यायला. स्वस्तातला यीस्टचा अर्क दिल्यावर त्या बायका सुधारतात, हे तिने १९३१ मध्ये जगाला सांगितलं. त्या अर्कातलं जे द्रव्य गुण देत होतं, त्याला पुढे फॉलिक अ‍ॅसिड हे नाव मिळालं. मग आंध्रातून अमेरिकेत गेलेल्या येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या चमूने ते कारखान्यात तयार केलं, आणि पाठोपाठ त्याचे तोतयेही बनवले : दिसायला फॉलिक अ‍ॅसिडसारखे, पण पेशीत त्याची जागा अडवून बसणारे. मेथोट्रेक्सेट हे त्या तोतयांपैकीच. १९४७-४८ मध्ये बॉस्टनच्या सिडनी फार्बर यांनी त्याच घराण्यातलं एक औषध रक्ताच्या कर्करोगाने आजारी मुलांना देऊन पाहिलं आणि काही मुलांचा आजार काही काळ तरी मागे हटला.

म्हणजे तुमच्या डब्यातल्या या दोन गोळ्या एकमेकींच्या भाऊबंद आहेत. एकीमुळे तोंड येणं, मळमळ, यकृतावरचा ताण असे जे त्रास होऊ शकतात, ते कमी करण्यासाठी दुसरी दिलेली असते. तुम्ही औषध बंद केलंत आणि त्याचा उतारा तेवढा चालू ठेवलात! (दुसऱ्या मुलाच्या दृष्टीने ती चालू राहिली हे योगायोगाने चांगलंच झालं. तेही पुढे सांगते.)

आता ‘प्रतिकारशक्ती मारतं’ या शब्दांकडे वळू. वर्गात चारपाच पोरं बाकं वाजवतात तेव्हा तुम्ही त्यांना दटावता. त्याने सगळा वर्ग मुका होत नाही, फार तर जरा शांत होतो. या मात्रेत औषधाचं तसं आहे. तुमच्या शरीरात प्रतिकारशक्ती कमी नाही, ती भलत्या ठिकाणी, सांध्यांच्या अस्तरात, कामाला लागली आहे. संसर्गाचा धोका थोडा वाढतो, हे मी नाकारत नाही. पण मेथोट्रेक्सेटच्या मानाने जास्त दिवस, जास्त मात्रेत घेतलेल्या स्टेरॉइडने तो कितीतरी अधिक वाढतो. आणि आटोक्यात न ठेवलेला हा आजारसुद्धा संसर्गाचा धोका वाढवतोच. हृदयविकाराचाही वाढवतो, हे फार जणांना ठाऊक नसतं.

तुम्ही मनात तराजू धरलाय : एका पारड्यात औषध, दुसऱ्या पारड्यात धडधाकट शरीर. मला वाटतं चूक इथेच होते. दुसऱ्या पारड्यात धडधाकट शरीर नाहीच, तिथे आजार बसलेला आहे. निदानापूर्वीच्या त्या सकाळी आठवा, कणीक मळता येत नव्हती त्या. सूज ओसरते, दुखणं थांबतं, पण हाडाची आणि कूर्चेची एकदा झीज झाली की ती भरून येत नाही. बोटं वाकडी झाली की कोणतंही औषध ती सरळ करत नाही. म्हणून तर आजार लागल्यानंतरच्या सुरुवातीच्या महिन्यांना डॉक्टर एवढं जपतात, आणि तुम्ही नेमक्या त्याच काळात आहात.

‘अजून तरी काही दुखत नाही’ याचा अर्थ काय? या औषधाचा गुण यायला सहा ते बारा आठवडे लागतात, हे तुम्ही अनुभवलं आहे. ते चढायला जसा वेळ लागतो तसा उतरायलाही लागतो. शिवाय हायड्रॉक्सीक्लोरोक्विन चालूच आहे. तेव्हा चार आठवडे शांत गेले यावरून काहीच सिद्ध होत नाही. दुकानात मी हे कितीदा तरी पाहिलं. माणूस दोन महिने दिसायचा नाही, मग एक दिवस खांद्याला पंचा बांधून यायचा आणि तीच चिठ्ठी पुढे करायचा.

गुळवेलीबद्दल. सासूबाई मायेने काढा करतात याबद्दल मला शंका नाही, त्यांना दुखवूही नका. पण विचार करा : प्रतिकारशक्ती वाढवते म्हणून ज्या वनस्पतीचं नाव घेतात, ती नेमकी प्रतिकारशक्ती बिथरल्याच्या आजारात कशाला? कोविडच्या पहिल्या वर्षी घरोघरी हा काढा उकळत होता. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी तो घेणाऱ्या सहा जणांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद प्रसिद्ध केली. त्यांतल्या काहींना स्वयंप्रतिकाराचे, म्हणजे प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटण्याचे, आजार होते किंवा तशा खुणा होत्या. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला होता, हेही सांगायला हवं. वाद तज्ज्ञांचा, त्यांनी सोडवावा. पण मेथोट्रेक्सेट यकृतातून जातं, म्हणून तुमचं एसजीपीटी (यकृताची रक्ततपासणी) करतात. तिथे आणखी एक अनिश्चित गोष्ट कशाला घालायची? सासूबाईंना सांगा की डॉक्टरांनी रक्ततपासणी होईपर्यंत काढा थांबवायला सांगितलाय. डॉक्टरांना विचाराल तेव्हा ते बहुधा हेच म्हणतील, तेव्हा हे फारसं खोटंही नाही.

पुडीबद्दल मात्र मी इतकी मऊ राहणार नाही. आयुर्वेदाची पदवी असलेल्या वैद्यांनी औषधाचं नाव कागदावर लिहून दिलं असेल, तर तो कागद डॉक्टरांना दाखवा, बोलणं होऊ शकतं. पण ज्या पुडीवर नाव नाही, घटक नाहीत, बनवणारा कोण ते नाही आणि ‘दोन दिवसांत फरक’ ही एकच खात्री आहे, तिला हात लावू नका. दोन दिवसांत सांध्याची सूज उतरवणारी गोष्ट माझ्या माहितीत एकच आहे, स्टेरॉइड. अशा पुड्यांमध्ये ते मिसळलेलं आपल्या देशात वारंवार सापडलं आहे. आमच्या गिऱ्हाइकांत एक मावशी होत्या. अशा पुडीवर वर्षभर खूश होत्या. चेहरा गरगरीत झाला, तेव्हा शेजारपाजारचे ‘तब्येत सुधारली’ म्हणायचे. मग साखर वाढली, पाठीचा मणका दबला. पुडी अचानक बंद करणंही त्यांना जड गेलं असतं, कारण स्टेरॉइड फार दिवस घेतलं की शरीर स्वतःचं बनवणं थांबवतं आणि ते एकदम तोडलं तर जिवावर बेतू शकतं. डॉक्टरांनी त्यांना रीतसर स्टेरॉइड सुरू करून हळूहळू उतरवलं. तुम्ही पुडी घेतली असेल, थोडीशी का होईना, तर डॉक्टरांना तेही सांगा.

आता ते शेवटचं वाक्य.

तुम्ही मेथोट्रेक्सेट ज्या कारणासाठी बंद केलंत ते कारण चुकीचं आहे. पण ते बदलण्याचं एक अगदी योग्य कारण तुमच्याकडे होतं आणि ते तुम्ही डॉक्टरांना सांगितलंच नाहीत, असं पत्रावरून दिसतं. हे औषध चालू असताना दिवस राहता कामा नयेत. त्याने गर्भपात होऊ शकतो, बाळात व्यंग येऊ शकतं. गर्भनलिकेत अडकलेला गर्भ थांबवायला डॉक्टर याच औषधाचं इंजेक्शन देतात, यावरून कल्पना यावी. म्हणून मूल हवं असेल तर ते आधीच बंद करतात. पाकिटावरच्या सूचनेत साधारण तीन ते सहा महिने आधी असं असतं, काही तज्ज्ञ आता त्याहून कमी अंतरही पुरेसं मानतात. तुमचे डॉक्टर सांगतील ते धरा.

तेव्हा आधी हे पाहा : गेल्या काही महिन्यांत, गोळ्या चालू असताना आणि नंतर, संततिनियमनाचं काय चाललं होतं? पाळी चुकली असेल किंवा जराही शंका असेल, तर आजच घरी चाचणी करा आणि डॉक्टरांना फोन करा. याच कारणासाठी मी तुम्हाला ‘उद्यापासून गोळी परत चालू करा’ असं सांगत नाही. मनाने बंद केलीत तशी मनाने सुरूही करू नका.

दुसऱ्या मुलाचा विचार सोडून द्यावा लागेल, असं मात्र मुळीच नाही. या आजारातल्या कितीतरी बायकांना व्यवस्थित बाळं होतात. फक्त क्रम ठरवावा लागतो. आजार काही महिने शांत असावा, कारण धगधगत्या आजारात दिवस राहणं आई आणि बाळ दोघांनाही बरं नाही. मग मेथोट्रेक्सेटच्या जागी गरोदरपणात चालणारी औषधं. हायड्रॉक्सीक्लोरोक्विन चालतं, सल्फासलाझिन चालतं, ठरावीक मात्रेत अ‍ॅझाथायोप्रिन चालतं, अगदी लागलंच तर थोडं स्टेरॉइडही. नव्या औषधांवर आजार शांत राहतो का ते पाहायचं, आणि मग प्रयत्न. फॉलिक अ‍ॅसिड या सगळ्या काळात हवंच. गरोदरपणात अनेकींचे सांधे आपोआप बरे राहतात आणि बाळंतपणानंतर काही आठवड्यांत आजार उसळतो, तेव्हा त्या वेळची तयारी आधीपासून करून ठेवायची. मेथोट्रेक्सेटवर असताना अंगावर पाजता येत नाही, हेही हिशेबात धरा. म्हणजे ‘पुढच्या वर्षी’ म्हणताय ना, त्याचं बोलणं या महिन्यातच व्हायला हवं. आणि ते पतींना बाजूला ठेवून कसं होणार? हा निर्णय दोघांचा आहे, आणि चार आठवडे एकटीने लपवण्याचा ताण तुमच्या पत्रात ओळीओळीत दिसतो.

डॉक्टर रागावतील म्हणून तुम्ही गेला नाहीत, असा माझा अंदाज. रागावतीलही, दोन मिनिटं. पण न सांगता गेलात तर काय होईल ते पाहा. पुढच्या भेटीत सांधे सुजलेले असतील, डॉक्टरांच्या कागदावर ‘मेथोट्रेक्सेट १५ चालू’ असेल, आणि त्यांचा निष्कर्ष असेल की हे औषध लागू पडत नाही. मग मात्रा वाढेल किंवा त्याहून जोरकस, महाग औषध येईल. तुम्हाला ज्याची भीती आहे तेच, दुप्पट.

औषध परत सुरू झालंच, तर तीनचार गोष्टी, तुमच्यासारख्या इतरांसाठीही. पहिली मी स्वतःच्या चुकीतून शिकले. एका आजोबांच्या मुलाने मेथोट्रेक्सेटची दहा गोळ्यांची स्ट्रिप नेली आणि अकराव्या दिवशी दुसरी मागायला आला. मी हिशेब केला आणि हातपाय गार पडले. आजोबा रोज एक घेत होते. तोंडात फोड आले होते, पाणी गिळवत नव्हतं. त्यांना लगेच मोठ्या रुग्णालयात नेलं, उताऱ्याची इंजेक्शनं दिली, ते वाचले. चिठ्ठीवर इंग्रजीत आठवड्यातून एकदा असं स्पष्ट होतं. पाकिटावर मराठीत लिहायचं काम माझं होतं आणि मी ते केलं नव्हतं. त्यानंतर दुकान बंद करेपर्यंत मी प्रत्येक स्ट्रिपवर लाल पेनने वार लिहीत आले. तुम्हीही एक वार ठरवा आणि डब्यावर लिहा. सोमवार टाळा, कारण इंग्रजी चिठ्ठीत ‘मंडे’ आणि ‘मॉर्निंग’ यांची गफलत होऊ शकते. एकाच शक्तीच्या गोळ्या घ्या. साडेसातच्या आणि पंधराच्या एका डब्यात ठेवू नका.

रक्ततपासणी चुकवू नका. सुरुवातीला दोन ते चार आठवड्यांनी, नंतर साधारण तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन-पेशी, यकृत, आणि मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन. यासाठी शहरात जायची गरज नाही. गावातल्या लॅबमध्ये करा आणि रिपोर्टचा फोटो पाठवा. गोळीच्या दिवशी मळमळत असेल तर रात्री जेवणानंतर घेऊन पाहा, तरीही सोसत नसेल तर त्वचेखाली घ्यायचं इंजेक्शन मिळतं. त्रास होतो म्हणून गुपचूप सोडणाऱ्यांना हा पर्याय कुणी सांगितलेलाच नसतो. ताप आला, कोरडा खोकला येऊन धाप लागली, तोंडात फोड आले, डोळे पिवळे दिसले, तर त्या आठवड्याची गोळी घेण्याआधी फोन. आणि दुसऱ्या कुठल्याही डॉक्टरांनी अँटिबायोटिक लिहून दिलं तर ‘मी मेथोट्रेक्सेट घेते’ हे आधी सांगा. कोट्रायमोक्सॅझोल नावाचं एक जुनं, स्वस्त, लघवीच्या संसर्गासाठी सर्रास दिलं जाणारं औषध याच्यासोबत फार धोक्याचं आहे.

तुम्ही पहिली-दुसरीच्या मुलांत वावरता, कुणाचं ना कुणाचं नाक वाहतच असणार. दरवर्षी फ्लूची लस घ्या, न्यूमोनियाच्या लसीबद्दल विचारा. या निर्जीव लसी चालतात, जिवंत विषाणूंच्या लसी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत. मुलीचं लसीकरण नेहमीसारखं चालू ठेवा.

ज्यांना ल्युपस (हाही प्रतिकारशक्ती बिथरल्याचाच आजार) किंवा अशाच दुसऱ्या आजारासाठी मायकोफेनोलेट, लेफ्लुनोमाइड, सायक्लोफॉस्फामाइड अशी औषधं चालू आहेत, त्यांनीही मुलाचा विषय डॉक्टरांकडे स्वतःहून काढावा. प्रत्येक औषधाचं अंतर वेगळं आहे. पुरुषांनीही काढावा : सल्फासलाझिनने शुक्राणूंची संख्या तात्पुरती घटते, हे अनेक जोडप्यांना वर्षभर हेलपाटे घातल्यावर कळतं. ज्यांना याच आजारांवरची बायोलॉजिक नावाची नवी, जोरकस इंजेक्शनं किंवा टोफासिटिनिबसारख्या गोळ्या सुचवल्या आहेत, त्यांना आधी छातीचा एक्स-रे आणि टीबीची तपासणी सांगतील. तिला फाटा देऊ नका. आपल्याकडे कितीतरी लोकांच्या शरीरात टीबीचे जंतू झोपलेले असतात आणि ही औषधं त्यांना जागं करू शकतात.

हे जन्मभर घ्यायचं का, असंही तुमच्या मनात येत असेल. तशी शिक्षा कुणी ठोठावलेली नाही. आजार बराच काळ पूर्ण शांत राहिला तर डॉक्टर मात्रा हळूहळू कमी करून पाहतात. काहींचं थोड्यावर भागतं, काहींचा आजार पुन्हा डोकं वर काढतो आणि मात्रा परत वाढवावी लागते. त्यात दर पायरीला कुणीतरी सांधे चाचपून पाहत असतं, रक्त तपासत असतं. तुम्ही चार आठवडे केलंत त्यात तेवढंच नव्हतं.

उद्या मधल्या सुट्टीत दवाखान्यात फोन करा. भेटीची तारीख लांबची मिळाली तर ‘औषध चार आठवडे बंद आहे आणि मूल हवं आहे’ एवढा निरोप लगेच डॉक्टरांपर्यंत पोचवायला सांगा. आणि फोन करण्यापूर्वी डब्यातल्या मेथोट्रेक्सेटच्या गोळ्या मोजून आकडा चिठ्ठीवर लिहा, काढा किती दिवस घेतला ते त्याच्याखाली, आणि शेवटच्या पाळीची तारीख.